खांद्यावरचं साल

टोलेडोत, मॉमी नदीच्या पूर्वेला,
टाकाचच्या नाण्यांच्या दुकानात शनिवारी मी फुकट बसतो.
त्याची नजर गेलीय, माझी अजून आहे,
एवढाच आमचा करार. आणि त्याची कडू कॉफी.

बशीत निकेलं पडलेली असतात, पाच सेंटांची.
एका अंगाला गवा, दुसऱ्या अंगाला
वेणी घातलेला एक मूळनिवासी.
साल कोरलंय त्याच्या खांद्यावर
आणि खांदाच सगळ्यात उंच.
गल्ल्यात, खिशात, ट्रामच्या कंडक्टरच्या मुठीत
जे वर येतं ते आधी झिजतं.
टाकाच म्हणतो, ज्यानं हे घडवलं
त्याला चित्र कळत होतं, खिसा कळत नव्हता.

मग मी काडीच्या टोकावर थेंब घेतो,
फेरिक क्लोराईडचा, उकळून काळपटलेल्या चहासारखा,
खांद्यावर ठेवतो आणि मोजतो.
एक, दोन (अजून मराठीतच),
सात, आठ…
धातू करडा पडतो
आणि त्यातून आकडा उठतो,
अंगावर पित्त उठावं तसा.

तीस वर्षं धातूंच्या लॅबमध्ये आहे म्हणून सांगतो,
आकडा गेलेला असतोच. तो परत येत नाही.
पण ठशानं जिथे दाबलं होतं
तिथला धातू खालपर्यंत आवळलेला राहतो,
आम्ल तिथे वेगळ्या चवीनं खातं.
दिसतो तो आकडा नव्हे,
आकड्याचा वळ.
डाग मात्र कायमचा. शौकीन लोक नाक मुरडतात.

गेल्या फेब्रुवारीत व्हर्ना बोडनार आली,
रुमालाच्या गाठीत एकच निकेल.
बाप जन्मला तेव्हा आजोबानं दिलेलं, म्हणाली,
त्याच सालचं.
बाप जन्मभर ते खिशातल्या खिशात अंगठ्यानं घासायचा,
चर्चमध्ये, संपात, दवाखान्याच्या बाकावर.
कागद घराबरोबर जळाले.
थडग्यावर एकोणीसशे तेवीस लिहिलंय,
ते त्यानंच सांगितलेलं.

टाकाच म्हणाला, बाई, थेंब टाकला तर साल मिळेल,
पण अंगठा जाईल.

बाहेर एक पोरगा फावड्यानं बर्फ ओढत होता.
ती त्याच्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, टाका.

सव्वीस.

तिनं बोटं मोजली.
म्हणजे काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिला
तेव्हा सोळाचा नव्हता. तेराचा होता, लबाड.
आणि हसायला लागली, हसता हसता
तोच रुमाल डोळ्यांना लावला.
टाकाच हळूच म्हणाला,
नाण्याचं साल म्हणजे माणसाचं साल नव्हे,
आजोबाच्या हाताला लागलं ते दिलं असेल.
तिनं ऐकलं असेल. वळली नाही.

मी भिंग पुसत राहिलो.

माझा जन्म एक जूनचा, कागदावर.
पाटणजवळच्या शाळेत थोरल्याच्या मागे लागून गेलो,
तर गुरुजींनी एका दमात
अख्खी ओळच्या ओळ जन्माला घातली,
सहासष्ट साली, एक जूनला.
आई म्हणायची, भूकंपानंतर, शिमग्याच्या आधी,
आपण मांडवात निजायचो तेव्हा.
त्यापुढे तिला आकडा लागत नव्हता.
भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला.
म्हणजे पावणेदोन वर्षं
मी न जगताच म्हातारा आहे.

आईवर कुठला थेंब टाकणार?
ती गेली तेव्हा दाखल्यावर
तिचंही वय कुणीतरी अंदाजानं लिहिलं,
पुढे शून्य असलेलं, सोपं.

दर जूनला लॅबमधली पोरं केक आणतात.
वर आकड्यांच्याच मेणबत्त्या, लाल, जाडजूड.
पेटवल्या की वरच्या कडा आधी बसतात,
पाचाचं डोकं, आठाचं वरचं पोट.
पोरं ओरडतात, फुंका, फुंका.
मी जरा थांबतो.
सुरी कुठाय, विचारतो.